बेटावर कोण उतरणार

लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार म्हणून आम्हा दोघांना जहाजातून फिरायला पाठवायचं, हे मुलानं आणि नातीनं परस्पर ठरवून टाकलं. कोणतं जहाज, एवढंच आमच्याकडं ठेवलं. म्हणजे साडी घेऊन झालेली असते आणि मग विचारतात, आई, काठ आवडला का.

नात पुण्याला कॉलेजात असते. एका रविवारी ती बापाबरोबर आमच्याकडं पाटसला आली. जेवणं उरकली आणि खरकटं निघायच्या आत तिनं लॅपटॉप मांडला. आमच्या ह्यांनी चष्मा पुसून घेतला. हे साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा पाक शिजताना त्याचा थेंब काचेवर घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा कुठवर आला ते सांगायचं, यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यामुळं कुठलीही वस्तू ते अजून नाकापाशी नेऊन तपासतात. लॅपटॉपसुद्धा तसाच तपासला. नात म्हणाली, आबा, वास नाही येत त्याला.

नोकरी होती तोवर लग्नाचा वाढदिवस आम्ही कधी केला नाही. तो माघात येतो, आणि माघात कारखाना जोरात चालू. हंगामात पॅनमननं रजा मागायची म्हणजे नवरदेवानं मांडवातून उठून जायचं. तेव्हा यंदा पोरं काहीतरी करतायत, याचं मला कौतुक होतं. खोटं कशाला बोलू, मला हाव सुटली होती.

पहिलं जहाज अवाढव्य होतं. त्यात दुकानं, सिनेमा, नाचगाणी आणि हजारो माणसं. मी म्हटलं, माणसंच बघायची तर दौंडच्या स्टेशनात जाऊन बसू, तिथं चहाही चांगला मिळतो. दुसरी केरळातली घरासारखी बोट, आत पलंग, बाहेर नारळ. घरात तर आम्ही बसलेलोच असतो. तिसरं जहाज लहान होतं, वीस-बावीस खोल्यांचं. कोचीहून निघतं, समुद्रातल्या बेटांपर्यंत जातं. लहान असल्यामुळं जिथं मोठी जहाजं फिरकत नाहीत तिथं ते जातं, असं नात म्हणाली. फोटोत जहाजाच्या अंगाला शिडी लावलेली होती आणि खाली हिरव्या पाण्यात एक पांढऱ्या केसांची बाई उताणी पडून आभाळाकडं बघत होती. माझ्याच वयाची असेल.

मी म्हटलं, हेच.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुला आवडलं न्हवं? मग तेच करा."

मुलगा खूश, नात खूश, मी तर इतकी खूश की आपण काय मागून बसलो ते कळायला मला तीन दिवस लागले.

ते कळण्यासाठी कवठ्याच्या एका शहाण्या पोरीची गोष्ट सांगावी लागेल. ती मीच, पण तिला 'मी' म्हणायला जीभ रेटत नाही. कवठे येमाईला आमच्या मळ्यात विहीर होती. पाठीला वाळका भोपळा बांधून बापानं आम्हा भावंडांना तिच्यात ढकललं आणि आम्ही पोहायला शिकलो. ही पोरगी सगळ्यांत पुढं. सोळाव्या वर्षी ती काठावरच्या बाभळीवरून सूर मारायची आणि वर आल्यावर कोण कोण बघतंय ते आधी मोजायची. गावात तिच्यासारखं कुणी नाही, असं तिला वाटायचं. गावात तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं हे खरंच, पण ते कौतुकानं म्हणत नसत.

सतराव्या वर्षी लग्न झालं, सासर भांडगावला. पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला दिवाळसणाला आले. सासऱ्यानं नवा शर्ट, टोपी, धोतर दिलं. नवरा दिसायला बरा, पण बोलत नव्हता. पोरीनं चार दिवस नाना प्रकारे छेडलं, हा फक्त मान डोलवायचा. चौथ्या दिवशी फराळाची दुरडी घेऊन दोघं परत निघाली. तेव्हा भीमेवर त्या अंगाला पूल नव्हता. शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्यात यायचं तर नावेतून पलीकडं जायचं. परतीचा पाऊस उशिरापर्यंत झालेला, नदीला पाणी होतं. नावेत नावाडी, हे दोघं आणि दोन शेळ्या घेतलेला एक म्हातारा.

नवऱ्यानं नावेत पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी फळी धरली. बोटं पांढरी पडलेली. पोरीला एवढंच हवं होतं. ह्याला पोहता येत नाही, हा घाबरतो, म्हणजे अखेर ह्याच्या तोंडून काहीतरी निघेल. मधोमध आल्यावर ती उभी राहिली आणि एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर भार देऊन नाव डोलवायला लागली. नावाडी ओरडला, खाली बस. ती बसली नाही. शेळ्या बिथरून एका बाजूला आल्या आणि नवरा नव्या टोपीसकट पाण्यात.

पोरीनं उडी टाकली. तेवढं तरी केलं. लुगड्यानं पाय गुंडाळले जात होते, तशातच तिनं नवऱ्याला कॉलरला धरून नावेच्या कडेला आणलं. तोवर तो दोन वेळा खाली गेला होता. काठावर सासरची माणसं बैलगाडी घेऊन न्यायला आली होती. काय झालं, काय झालं, म्हणून सगळे धावले. खोकत खोकत नवऱ्यानं सांगितलं, वारं आलं, नाव कलंडली. नावाडी पोरीकडं बघून नदीत थुंकला आणि नाव बांधायला लागला.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षं घरात वाऱ्याचीच गोष्ट चालली. हे विहिरीच्या कठड्याला टेकत नाहीत. गणपती विसर्जनाला रस्त्यावर चपला सांभाळत उभे राहतात. मुलाला लहानपणी पोहायला शिकवायचा विषय निघाला तर ह्यांचा आवाज चढायचा, म्हणून तोही कोरडाच राहिला. आबांना पाणी सोसत नाही, असं सगळे हसून म्हणायचे, जसं एखाद्याला वांगं सोसत नाही. आणि मी? मी पुन्हा पोहले नाही. सुनेनं विहिरीत उतरायचं कुठं असतं. पण पाण्यात उताणी पडलेली ती बाई बघितली आणि माझ्या पाठीला गार लागलं, एवढं खरं. त्या गारव्यात मी नवऱ्याला विसरले.

बुधवारी नातीनं मोबाइलवर फॉर्म पाठवला. जहाज बेटापासून लांब थांबतं, तिथून छोट्या होडीत बसून काठावर जायचं. शिडीवरून हलत्या होडीत पाय टाकायचा. पोहता येतं का, होडीतून बेटावर उतरणार का, हे प्रत्येकानं लिहायचं आणि शुक्रवारी पाठवायचं. मी ते मोठ्यानं वाचलं. हे म्हणाले, "लिव्ह की. उतरनार म्हनून लिव्ह." आणि बाहेर जाऊन शेवग्याच्या शेंगा काढायला लागले. झाडाला तेव्हा एकही शेंग नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल द्यायला गेले तर न्हाणीचं दार ओढलेलं होतं, कडी नव्हती. आत हे गुडघ्यावर बसले होते. समोर भरलेली मोठी बादली. डोळे मिटून त्यांनी तोंड पाण्यात घातलं. मी मनात मोजलं, सात झाले नाहीत तोवर फाडकन वर आले, बादलीची कड घट्ट धरून, तोंड उघडं, नाकातून पाणी. थोडं थांबले. पुन्हा घातलं. सत्तरीला आलेला माणूस. मी टॉवेल खुंटीला लावून मागं फिरले.

त्याच दुपारी मी ठरवलं, पोरांना खरं सांगायचं. खरं सांगितलं की ते आपणहून जहाज रद्द करतील आणि ह्यांना नाही म्हणावं लागणार नाही. नात आणि मुलगा दोघंही फोनच्या पडद्यावर आले. हे शेजारी बसले होते. मी सुरुवात केली.

आता माझा दोष असा, की मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही. तोंड उघडलं की तमाशातली मावशी अंगात येते. मी पोरीची ऐट सांगितली, नव्या टोपीची वर्णनं केली, शेळ्यांचे आवाज काढले. दुरडीतल्या करंज्या नदीतून कशा चालल्या होत्या तेही सांगितलं. मुलगा इतका हसला की त्याचा फोन हलायला लागला. म्हणजे आई, तूच बुडवलंस आबांना? नात म्हणाली, आजी, तू भारी आहेस, आता तर जहाजावर जायलाच पाहिजे, तिथं हीच गोष्ट परत करू आणि मी व्हिडिओ काढते, आबा, टोपी न्या हं. हे पण हसले. ह्यांचं ते हसू मला ओळखीचं आहे, कारखान्यात मोठे साहेब विनोद करायचे तेव्हाचं. मग पाण्याची मोटर बघतो म्हणून उठले.

ज्याच्यासाठी सांगायला बसले त्यालाच मी पुन्हा पाण्यात लोटलं होतं, आणि ह्या खेपेला काठावर माणसं जास्त होती.

संध्याकाळी मी मेथी निवडत होते. हे येऊन समोर बसले, अर्धी जुडी स्वतःकडं ओढली. मी म्हटलं, आपण नाही जायचं. हवं तर माझे गुडघे दुखतात म्हणून सांगते.

"तुझं गुडघं चांगलं हायेत," हे म्हणाले. काड्या मोडत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला पान्याचं भ्या हाय, ते हाय. पन खरं सांगू का, बुडलो त्याचं काय न्हाई. वर आलो, डोळं उघडलं, आन् तू हसत हुतीस."

हे मी विसरले होते असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरले नव्हते. वरची गोष्ट लिहितानाही मी ते गाळलं, तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांचं डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा टोपी कानावर लोंबत होती, मिशीवर शेवाळ, आणि कवठ्याची ती पोरगी एका हातानं नावेची कड धरून खदाखदा हसत होती. भीतीनं हसत होती, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. असेलही. भीतीनं माणूस हसतो. पण त्या हसण्यात आपण वाचवलं याची ऐट होती, आणि ऐट भीतीतून येत नाही.

"मग वारं आलं म्हणून का सांगितलंत?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय सांगू? नवी बायको हाय, लोक काय म्हंतील तुला." पुढची काडी मोडून म्हणाले, "आन् मलाबी. बायकुनं बुडवला म्हनले असते."

मी म्हटलं, चुकलं माझं. त्यांनी मान डोलवली, दिवाळसणाला डोलवायचे तशीच. माफ केलं की ऐकलं नुसतं, मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

शुक्रवारी सकाळी मी नातीला फोन लावला. ह्या वेळी शेळ्या नाहीत, टोपी नाही. तीन वाक्यांत सांगितलं: तुझे आबा त्या दिवशी मरणाच्या दारात गेले होते, ते माझ्यामुळं. ते अजून घाबरतात. मी काल हसवलं, ते चुकलं. ती हळूच म्हणाली, "मग आजी, रद्द करू का? आज सांगावं लागेल."

मी म्हटलं, आबांना विचार. फोन ह्यांच्या हातात दिला आणि मी आत जाऊन मिक्सर लावला. शेंगदाण्याचं कूट डबाभर होतं, तरी आणखी केलं. मला ऐकायचं नव्हतं. मी ऐकतेय असं त्यांना वाटलं असतं तर त्यांनी पुन्हा मला जे आवडेल तेच सांगितलं असतं.

मिक्सर थांबवून बाहेर आले तेव्हा फोन कट्ट्यावर पालथा ठेवलेला होता.

"जायचं म्हनून सांगितलं," हे म्हणाले. "त्या जहाजावर मी बसतो. हालत न्हाई म्हनती ते एवढं. ते लहान होडीचं न्हाई जमायचं मला. बेटावर उतरायला एकच नाव दिलंय, तुझं."

"आणि तुम्ही?"

"मी वरनं बघतो."

मी म्हटलं, वाढदिवस दोघांचा, मी एकटी कशी पाण्यात जाऊ. ते म्हणाले, पंचेचाळीस वर्षं गेली न्हाईस, आता जा. हे रागानं म्हणाले की मायेनं, तेही मला कळेना. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. मायेनं म्हणाले असते तर गेले असते. तिसरंच काही असलं तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही.

तिकिटं आली आहेत, माघातली. हे कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना सांगत फिरतात की आम्ही समुद्रावर चाललोय, आमच्या मंडळी पोहणार आहेत. सांगताना त्यांचा आवाज चांगला असतो, मी पडद्याआडून ऐकलाय. पण रात्रीच्या जेवणाला बसलो की जहाजाचं नावही काढत नाहीत, आणि मी काढलं तर भाजीत मीठ कमी आहे म्हणतात.

नातीनं मेसेज केलाय, आजी, पोहायच्या कपड्याचं माप कळव, ऑनलाइन मागवते. चार दिवस झाले. मोजायची पट्टी शिवणाच्या डब्यातून काढून मी खिडकीत ठेवली आहे. अजून तिला उत्तर दिलेलं नाही.