हद्दीच्या दगडांमागून

बावन्नाव्या वर्षी मला डोंगरांचं वेड लागलं. तोवर माझी सगळ्यात मोठी चढाई म्हणजे आदिलाबादच्या महसूल कचेरीचा जिना. आता दर रविवारी पाठीवर पिशवी, हातात काठी, पायात हे एवढाले बूट. शेजारी विचारायचे, काही नवस बोललाय का?

एका रविवारी बायको पहिल्यांदाच सोबत आली. पायथ्याच्या गोंड वस्तीतल्या म्हाताऱ्यानं बजावलं की पलीकडच्या ओढ्यावर वाघ फिरतोय, वाट दाखवायला कोणाला तरी न्या. मी बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की इथल्या शिवाराचा नकाशा पंचवीस वर्षं माझ्या टेबलावर आहे, एकेक हद्दीचा दगड मला पाठ आहे. म्हातारा माझ्या बुटांकडे बघत राहिला.

चढताना सगळं झकास. उतरताना खरोखरच हद्दीचा दगड सापडला आणि माझी छाती फुगली. तिथून दुसरा, मग तिसरा. नकाशावर दगडापासून दगडापर्यंत सरळ रेघ असते. माणसं मात्र वळसे घेत चालतात, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चौथ्या दगडापुढं रेघ थेट घळीत उतरली आणि तिच्यामागून आम्ही, झुडपांना लोंबकळत. पाचवा दगड सापडेना. वर चढून जावं म्हटलं तर कडा अंगावर आलेली. ऊन डोंगराआड गेलं होतं.

तळाच्या ओल्या वाळूत पंजा उमटलेला होता. माझा तळहात त्यात सहज मावला असता. खळग्यात पाणी अजून झिरपत होतं.

वाघाचं नाव घ्यायला मी तोंड उघडणार, तोच बायकोनं त्यावर हात ठेवला.

"त्याचं नाव काढू नका. वाट कोनती, ते सांगा."

काहीतरी ठोकून देण्याची मला चांगली सवय आहे. पण त्या पंजासमोर जमेना.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

ती रागावली नाही. वांकिडीकडच्या शेतकऱ्याची लेक ती. मान कलती करून नुसती ऐकत उभी राहिली. बऱ्याच वेळानं डावीकडून गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा ऐकू आल्या.

"ढोरं घरी जाऊन राह्यले. चला त्यायच्या मांगं."

ढोरांच्या मागं तोही जात असेल, मी कुजबुजलो.

"मंग तुमी पुढं व्हा," ती म्हणाली आणि माझी काठी घेऊन मागं राहिली.

मीही निमूटपणे पुढं झालो. सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडत होती. एकदा मागचा आवाज बंद झाला. वळून बघायचा धीर होईना, आणि न बघता पाऊल उचलेना. शेवटी वळलो. ती एका पायावर उभी राहून चपलेतला खडा झटकत होती.

घंटांमागून गेलो. आधी शेणाचा वास आला, मग धूर, मग कुत्र्यांचं भुंकणं.

म्हाताऱ्यानं बाज टाकली, पाणी दिलं. निम्मं माझ्या शर्टावर सांडलं. बायकोनं तांब्या माझ्या हातातून काढून घेतला, घोटघोट पाणी प्यायली आणि काळवंडत्या डोंगराकडे बघत म्हणाली,

"पुढच्या वेळी वाट ठाव नसन तं सकाळीच सांगा. भाकरी जास्तीच्या घ्याव्या लागतीन."