हातगुणाची तपासणी

शेतकी खात्याचे एक साहेब आमच्या कंग्राळी गावातल्या घरी आले, तेव्हा नुकतेच साठवलेले बटाटे कुजू लागले होते. माझी थोरली जाऊ विधवा होती. तिचा हात लागला म्हणून माल नासतो, असं सासूबाई म्हणायच्या.

साहेबांनी एकेक बटाटा फुलासारखा हुंगला. मग खालच्या शेतातल्या बटाट्यांना चिकटलेली माती जिभेला लावली आणि ते थुंकले.

"खारट आहे. ओढ्यावर कातडी कमावतात का?"

"व्हय," मी म्हटलं. "त्येच पाणी खालच्या शेतात येतंय."

दाराआडून जाऊ हळूच म्हणाली, "सायब, माझ्या हातानं कुजत्यात का ओ?"

मला वाटलं, ते हसतील. पण ते विचारात पडले. "मी नुसतं नाही म्हटलं, तर घरात कोण ऐकणार? करून बघू."

त्यांनी जावेला वरच्या शेतातल्या बटाट्यांचा एक आणि खालच्या शेतातल्यांचा एक, असे दोन ढीग लावायला सांगितले. सासूबाईंनाही तसेच दोन लावायला लावले.

संक्रांतीनंतर ते परत आले. खालच्या शेताचे दोन्ही ढीग नासले होते, सासूबाईंनी लावलेलासुद्धा. वरच्या शेताचे दोन्ही टणक होते. जाऊ आपल्या टणक ढिगातला एक बटाटा हातात धरून उभीच राहिली.

साहेबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. नासका बटाटा कापून ते डोळ्याजवळ धरून बघत होते.

सासूबाईंनी जावेच्या ढिगातला एक बटाटा दाबून पाहिला. मग तिला म्हणाल्या, "औंदा बियाचं बटाटं तू निवड गं."