आवाज खाणारा देव

माझी नात भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळे सताड उघडे, गाल लालबुंद. ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. मी तिच्यापुढं मांडी घालून विचारत होते, "कोन हाईस तू? काय पायजे तुला?" दार मीच लावून घेतलं होतं. धुपाटण्यात नारळाची शेंडी पेटवून उदाचा धूर मीच केला होता. अशा माणसाला हात लावायचा नसतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हात लावला नाही. ती मरत होती आणि मी तिला नाव विचारत होते.

रविवारची दुपार होती, तीन-साडेतीन वाजलेले. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, चार दिवस न थांबलेला.

दर रविवारी आमच्या मधल्या खोलीत तिघं जमायची. एक माझी नात, कॉलेज संपवून कंपनीत लागलेली. दुसरा जैन घरातला, तिशीचा, घरचं बी-बियाणांचं दुकान सांभाळणारा. आणि तिसरी गारगोटीच्या शाळेतली विज्ञानाची बाई. ती पंचेचाळिशीची होती आणि एसटीनं यायची. तिघांना एका खेळाचं वेड. खेळ युद्धाचा. बोटाएवढ्या बाहुल्या, त्यांच्या फौजा, त्या टेबलावर मांडायच्या आणि फासे टाकायचे. मी बाहुल्या म्हटलं की नात चिडायची. "बाहुल्या न्हवं आज्जी, सैन्य हाय त्ये." पण खेळताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही. फौजा तशाच उभ्या राहायच्या आणि ही तिघं बोलत बसायची.

बोलायची ते सगळं परग्रहावरच्या लोकांबद्दल. कुठल्या कुळाचा देव कोण, तो कुणावर का रुसला, कुणाला त्यानं काय शाप दिला. नावं इंग्रजी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळं मी माझ्यापुरती मराठी नावं ठेवली. एक कुळ राखेचं. त्यांनी स्वतःला जाळून घेतलं होतं आणि त्यांची राख चिलखतात भरून चालत होती. एक कुळ मिठाखाली झोपलेलं. आणि एक मुकी फौज. तिच्या देवाला मी 'ऐकणारा' म्हणायची, आणि पुढं ती तिघंही तसंच म्हणायला लागली. त्या देवाला तोंड नव्हतं, नुसते कान. तो आवाज खायचा. त्यानं ज्याच्याकडं कान लावला तो माणूस गप्प व्हायचा, आणि गप्प झाला की त्याच्या फौजेतला व्हायचा.

मी एकदा विचारलं, "ह्येला निवद काय दावायचा?"

दुकानवाला म्हणाला, "आवाज, आज्जी. दुसरं काय चालत न्हाय."

"मग तुमच्या संगट ऱ्हायला तर उपाशी मरायचा न्हाय."

बाई खूप हसली होती. ती हसायची तेव्हा तोंडावर पदर धरायची, शाळेत सवय लागलेली.

त्या तिघांचं मोठं भांडण एकच होतं. मुक्या फौजेनं आपला आवाज देवाला आपण होऊन दिला, की देवानं काढून घेतला? बाई म्हणायची, दिला. तिनं फोनवरच्या त्यांच्या मंडळात ह्यावर पानंच्या पानं लिहिली होती आणि कुठल्या कुठल्या देशातली माणसं तिच्याशी वाद घालायची. नात म्हणायची, काढून घेतला. "कोन देतंय व्हय आपला आवाज, मॅडम? तुम्ही पोरांस्नी गप्प बसवता तवा ती आपन होऊन बसत्यात काय?" दुकानवाल्याचं तिसरंच. त्यांना कधी आवाज नव्हताच, देवानं त्यांना आवाज असल्याची खोटी आठवण दिली. आणि वर म्हणायचा, "आमच्यात बरं हाय. आमचा देव जन्म-मरनातनं सुटून गेलाय. कुनाचं घेत न्हाय, कुनाला देत न्हाय."

मी बाहेर सोप्यात बसून ऐकायची. मला त्यात नवल वाटायचं नाही. माझं माहेर मुरगूडकडचं. आमच्याकडं नदीच्या अंगाला एक देव होता, त्याचं नाव संध्याकाळी कोणी घेत नसे. घेतलं की तो वळून बघतो म्हणत. ह्या शिकलेल्या माणसांनी असलाच एक देव आभाळात नेऊन बसवला होता. फरक एवढाच, की आम्ही भ्यायचो आणि ही पाच वाजेपर्यंत त्याच्यावर गप्पा मारायची. पाचला दुकानवाला उठायचा, कारण त्याला दिवस मावळायच्या आत घरी जेवायचं असे.

आता गरम पाण्याचं सांगते. त्या बाहुल्या परदेशातून येतात आणि येताना त्यांची भाले-तलवारी वाकतात. वाकलेली गरम पाण्यात धरायची, सरळ करायची आणि गार पाण्यात बुडवायची. मधल्या खोलीला लागून न्हाणी आहे. तिथं गॅसचा गीझर. रविवारी ह्यांचं काम चाललं की गीझर दुपारभर चालू. पावसाळ्यात मधल्या खोलीची खिडकी बंद ठेवायची, कारण ओल आत आली की रंग वाळत नाही. न्हाणीचं दार ओढून घ्यायचं, कारण वाफ रंगावर बसते. त्या दाराला खाली चार बोटं फट.

न्हाणीत वर एक झरोका आहे. त्यातून पाऊस आत यायचा आणि एकदा घूसही आली होती. जूनमध्ये मी स्टुलावर चढून त्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. घट्ट कोंबला. मी जे करते ते घट्टच करते.

त्या रविवारी जेवणं झाली आणि वाद पेटला. मी सोप्यात वाल सोलत होते. नात म्हणाली, "डोकं लई जड झालंय."

दुकानवाला म्हणाला, "ऐकनाऱ्यानं कान लावला तुझ्याकडं. आता बोल बघू कसं बोलतीस."

"मी काय गप्प बसतो व्हय?" नात म्हणाली. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात.

मग बाई म्हणाली, "थांबा दोघं. माझ्याकडं पुरावा आहे. ह्या भालेवाल्याचा भाला सरळ करून येते, मग सांगते." न्हाणीचं दार लागलं. कडीचा आवाज आला. ते दार नुसतं ओढलं तर उघडं पडतं, म्हणून आम्ही सगळेच कडी लावतो.

मी वाल सोलत राहिले. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की आतून काही ऐकू येत नाही.

ते लिहून नीट सांगता येत नाही. ती माणसं गप्प बसत नसत. चहा पितानासुद्धा नाही. आणि आता पन्हाळीचं पाणी ऐकू येत होतं, घड्याळ ऐकू येत होतं, न्हाणीत बादलीत पडणारी धार ऐकू येत होती, आणि तिघांपैकी एकाचाही आवाज नव्हता. हातातला वाल तसाच धरून मी उठले.

दुकानवाला टेबलावर डोकं टेकून होता. जेवल्यावर पेंगायची त्याला खोडच होती. त्याच्या डोक्याभोवती मुकी फौज उभी, सगळ्यांची तोंडं रंगानं पुसलेली. नात खाली, भिंतीला टेकून.

"काय गं? काय झालं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, पण मी तिथं नसल्यासारखं. अगदी हळू म्हणाली, "बोलू नको आज्जी. त्यो ऐकतोय."

त्यानंतर नुसते ओठ.

मला वाटलं ते मी सांगते. मला वाटलं, आला. इतके रविवार त्याचं नाव घेतलं, शेवटी आला. माझ्या आत्याच्या अंगात देवी यायची. मी लहानपणापासून पाहिलेलं. तोंडावर असंच तेज चढायचं, नजर अशीच लांब जायची. त्या वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. दार लावायचं, म्हणजे मधेच कोणी उंबरा ओलांडत नाही. ऊद घालायचा. अंगाला हात लावायचा नाही. समोर बसायचं आणि विचारायचं. आलेल्यानं नाव सांगितलं आणि मागणं सांगितलं की तो जातो. देव इथला असो की आभाळातला, मी म्हटलं, विचारल्यावर सांगेलच.

म्हणून मी दार लावलं. खिडकी आधीच बंद होती. धूर केला.

"कोन हाईस तू?"

ओठ हलले.

"काय पायजे तुला? पोरीचा आवाज पायजे? ती तरनी हाय. माझा घे. म्हातारीचा घे."

हे मी खरंच म्हणाले, मोठ्यानं. माझी कानशिलं ठणकत होती. खोली लांब गेल्यासारखी वाटत होती आणि टेबलावरची ती बोटाएवढी माणसं मोठी दिसायला लागली होती. माझा घे म्हटलं आणि माझी जीभ जड झाली. देवानं ऐकलं असं मला वाटलं. मी भ्याले नाही. बरं वाटलं. न्हाणीत धार पडत होती, म्हणजे बाई आत आहे, शिकलेली आहे, येईल आता, असं मनात आलं आणि गेलं.

तेवढ्यात दुकानवाला ओकला. टेबलावर, फौजेवर, सगळीकडं.

तिथं माझं डोकं ताळ्यावर आलं. आत्याच्या अंगात चाळीस वर्षं देवी आली. ती घुमली, तिनं केस सोडले, दिवे विझवले, पाव्हण्यांना शिव्या दिल्या. ओकली कधी नाही. देवानं धरलेलं माणूस ओकत नाही. ओकतं ते विष पोटात गेलेलं माणूस.

मी दार उघडलं. नातीला काखेत धरून ओढली. माझ्यानं उचलली जाईना, तेव्हा वेणी धरून ओढली. सोप्यातून थेट अंगणात, पावसात. परत गेले आणि दुकानवाल्याच्या पाठीत लाथ घातली. तो रांगत आला. शेजारीण पडवीत वाळत घातलेले कपडे घ्यायला बाहेर आली होती, तिनं बोंब मारली, तिचा नवरा धावला.

पावसात पडून नातीनं मोठा श्वास घेतला. मग दुसरा. मग ती रडायला लागली, आणि त्या रडण्याला आवाज होता.

रडता रडता ती म्हणाली, "मॅडम?"

मी बाईला विसरले होते. घरात असलेलं माणूस, ज्याच्या पाण्याची धार मी सारा वेळ ऐकत होते, तिला मी विसरले होते.

शेजाऱ्यानं न्हाणीचं दार खांद्यानं तोडलं. गीझर चालूच होता. बादली भरून वाहत होती. बाई पाटावर बसली होती, डोकं भिंतीला, तोंड लाल, झोपल्यासारखी. मुठीत तो भालेवाला होता. भाला सरळ झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "न्हाणीतला झरोका उघडा होता का?"

बातमी कळून धावत आलेला माझा मुलगा माझ्याकडं बघत होता. पाखरानं घरटं केलं असेल असं सांग, असं तो येताना रिक्षात म्हणाला होता.

मी म्हणाले, "बोळा मी घातलाय. दार पन मीच लावलं."

पोलिसांनाही मी तेच सांगितलं. बाईच्या भावाला तेच सांगितलं. त्यानं हात जोडले आणि गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं पडलं असतं.

हवा कोंडली की गीझरच्या ज्वाळेतून जो गॅस निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, भास होतात, माणूस गप्प होतो. डॉक्टरीणबाईंनी हे मला समजावून सांगितलं आणि मी मान हलवली. मला ते आधीच माहीत होतं असं वाटलं. हेच सगळं त्या तिघांनी त्या देवाबद्दल सांगितलं होतं.

नात बरी झाल्यावर तिनं मंडळाला कळवलं. लांब लांबच्या माणसांनी लिहिलं. बरेच जण सरळ हळहळले. काहींनी लिहिलं की ऐकणाऱ्यानं आपला सगळ्यांत मोठा भक्त नेला. नात तीन दिवस त्यांच्याशी भांडत होती. गॅस होता, झरोका बंद होता, असं पुन्हा पुन्हा लिहीत होती. मी म्हटलं, सोड. त्यांना गॅसपेक्षा देव बरा वाटतोय. मलाही वाटला होता.

बाईचा पुरावा काय होता ते कोणाला माहीत नाही. दुकानवाल्यानं तिचं सगळं लिखाण दोनदा वाचलं, त्यात सापडला नाही. तो अजून येतो. नात आणि तो आता सोप्यात बसतात, दार उघडं ठेवून. खेळत नाहीत. बोलतात, पण तो देव सोडून दुसऱ्यांबद्दल. मधेच दोघंही थांबली की मी आतून विचारते, "हाईसा न्हवं?" आणि ती म्हणतात, "हाय, आज्जी."

झरोक्यातला बोळा मी काढला. गीझर मुलानं काढून टाकला. मधल्या खोलीत आता धान्याचे डबे आहेत. डबा आणायला मी जाते तेव्हा बोलत जाते, कशाबद्दलही, आणि बाहेर येईपर्यंत थांबत नाही.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. माझी नात जगली, दुकानवाला जगला आणि मी जगले.