साखर कमी, पीच जास्त

इडेला मिम्सचा चढलेला आवाज गावात कोणी ऐकला नव्हता आणि तिचा शब्द खाली पडलेलाही कोणी पाहिला नव्हता. उभा जन्म तिनं शाळेची पिवळी बस चालवली. मागच्या बाकांवर दंगा सुरू झाला की ती बस रस्त्याच्या कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि समोर बघत गप्प बसून राहायची. दक्षिण कॅरोलायनातली मे महिन्याची दुपार, पत्र्याची बस, वाऱ्याचं नाव नाही. थोड्या वेळानं मागून कोणीतरी पुटपुटायचं, "चुकलं, मिस इडेला." मग ती किल्ली फिरवायची.

मधुमेहापायी तिच्या नवऱ्याच्या, रॉइसच्या, डाव्या पायाची करंगळी कापावी लागली, तेव्हाही ती रडली-भेकली नाही. दवाखान्यातून घरी येताना गाडीतच तिनं सांगून टाकलं, "नेटीचं कॉबलर बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद."

रॉइस खिडकीबाहेर बघत राहिला. दोन्ही बाजूंना पीचच्या बागा होत्या. यातल्या निम्म्या बागांवर त्यानं मुकादमी केली होती. "उन्हाळा आला आणि पीच खायचे नाहीत, तर मग जगायचं कशाला?"

"पीच खाऊ नकोस असं कोण म्हणतंय? पाकात पोहणारे नकोत, एवढंच."

नेटी म्हणजे रॉइसची थोरली बहीण. तिच्या कॉबलरची कीर्ती पार पलीकडच्या गावांपर्यंत होती. खाली साखरेच्या पाकात शिजलेले पीच, वर लोण्यानं माखलेलं जाड पीठ, आणि ओव्हनमधून निघताना त्यावर पुन्हा साखरेचा शिडकावा. लोक म्हणायचे, नेटीच्या कॉबलरसाठी माणूस चर्चसुद्धा बदलेल. अशा बाईच्या भावाला इडेला आता क्रिस्प करून घालणार होती. क्रिस्पमध्येही खाली पीचच, पण वर पिठाच्या जाड थराऐवजी ओट्स आणि सुक्या मेव्याचा कुरकुरीत चुरा.

पहिला प्रयत्न पार फसला. इडेलानं साखर अजिबात घातली नाही, लोण्याऐवजी तेल घातलं, मैद्याच्या जागी कोंड्यासकट गव्हाचं पीठ. रॉइसनं एक चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत बसला.

"इडेला, हे घोड्यापुढे टाकायचं की रस्त्यावर पसरायचं?"

तिनंही एक घास घेतला. चावला. पुन्हा चावला. "रस्त्यावर," ती म्हणाली, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हसणं वेगळं आणि जिभेची ओढ वेगळी. पुढच्याच आठवड्यात रॉइस "जरा कुंपणाकडे नजर टाकून येतो" म्हणून गेला आणि परतला तो शर्टावर पाकाचा डाग घेऊन. इडेलानं डाग पाहिला, त्याला काही विचारलं नाही. गाडी काढली आणि थेट नेटीच्या दारात उभी राहिली.

नेटी व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "आलीस? मला वाटलंच होतं."

"त्याला गोड देऊ नकोस, नेटी."

"आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. त्याला मी वाढवलं. घरात पीठ आणि झाडाखाली पडलेले पीच, याखेरीज काही नसायचं. त्यातून मी त्याला काय करून घालायचे, ते मला ठाऊक आणि देवाला ठाऊक." नेटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आणि आता तू मला सांगतेस, त्याला खायला घालू नकोस."

इडेला पायरीवर बसली. लग्न होऊन या कुटुंबात आल्यापासून तिनं ते कॉबलर खाल्लं होतं, पण ही गोष्ट नेटीच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. टोपलीतल्या मूठभर शेंगा उचलून तीही सोलू लागली.

"खायला घालू नकोस असं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "त्याचं दुसरं बोट जायला नको, एवढंच म्हणतेय."

नेटीनं नाक मुरडलं. "होमकमिंगला आण तुझा तो ओट्सचा रगडा. बघू या कोण हात लावतं."

"आणते की."

होमकमिंग म्हणजे चर्चचा उन्हाळ्यातला मोठा रविवार. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात आणि जेवणाची टेबलं पार ओकच्या झाडांखालपर्यंत लागतात. तिथं वाईट पदार्थ नेला तर गाव तोंडावर काही बोलत नाही, पण विसरतही नाही. इडेलाला त्याची धास्ती नव्हती. तिला फक्त क्रिस्प नीट जमवायचं होतं.

साखर कमी करायची तर गोडी पीचमध्येच हवी, हे तिला पहिल्या फजितीतच कळलं होतं. बाजारात जाणारे पीच कडक असतानाच तोडतात, नाहीतर ट्रकमध्ये त्यांचा लगदा होतो. तिला हवे होते झाडावर पिकलेले, हाताला जड लागणारे, दिवसभरही न टिकणारे. आणि त्या बाबतीत तिच्या घरात रॉइससारखा जाणकार बसून होता.

"ऊठ," दुसऱ्या दिवशी उजाडताच ती म्हणाली. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि मला पीच हवेत."

रॉइस कुरकुरत निघाला, पण बागेत पाऊल टाकताच त्याचा नूर पालटला. काठी टेकत तो ओळीओळीतून हिंडायला लागला. "इथले घेऊ नकोस, पावसानं पाणचट झालेत. वर चल, चढावर. तिथलं पाणी वाहून जातं." एका झाडाशी थांबून त्यानं देठाजवळची साल पाहिली. हिरवी छटा जाऊन तिथं पिवळा रंग चढला होता. फळ हलकेच फिरवलं, तर ते आपणहून तळहातात आलं. त्यानं ते हुंगून तिच्या नाकाशी धरलं. "याला साखर लागणार नाही."

मग रोज सकाळी दोघं बागेत जाऊ लागली. रॉइसचं कुरकुरणं चार-आठ दिवसांत थांबलं.

स्वयंपाकघरात इडेलाचे प्रयोग चालूच होते. साल काढायची नाही असं तिनं ठरवलं, कारण रंग सालीत आणि पोटाला हवा तो चोथाही सालीतच. सालीवरची लव घशाला टोचते म्हणून खरबरीत फडक्यानं एकेक फळ पुसून घ्यायची. फोडींवर लिंबू पिळायचं, रस दाटावा म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअर, आणि गूळसर चवीची तपकिरी साखर अगदी चिमूटभर. वरच्या चुऱ्याला ओट्स, थोडं गव्हाचं पीठ, दालचिनी, मीठ, आणि अंगणातल्या झाडाचे अक्रोडासारखे पेकन फोडून त्यांचे जाडसर तुकडे. तेल मात्र सोडून द्यावं लागलं. तेलानं चुरा मऊ पडायचा. "लोणी थोडंच घालायचं, पण लोणीच घालायचं," ती रॉइसला म्हणाली. कडेनं रस बुडबुडेपर्यंत भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं आणि बाहेर काढल्यावर घाई न करता ते निवू द्यायचं. ही शेवटची गोष्ट रॉइसला सगळ्यात जड जायची.

होमकमिंगच्या दिवशी नेटीचं कॉबलर तीन मोठ्या परातींत भरून आलं. शेजारी इडेलाचं एकच भांडं. माणसं रांगेनं येत होती, कॉबलर वाढून घेत होती आणि इडेलाकडे बघून "छान दिसतंय हं, मिस इडेला," म्हणत पुढं सरकत होती. चर्चचा कारभार बघणारे डीकन पर्विस यांनी धीर करून चमचाभर क्रिस्प घेतलं, त्यावर व्हॅनिला आइस्क्रीमचा डोंगर रचला आणि म्हणाले, "आता कसं पौष्टिक झालं." इडेला सगळ्यांच्या आधी हसली.

मग रॉइस ताट घेऊन टेबलाशी आला. आजूबाजूचं बोलणं हळू झालं. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला बायको, आणि सगळ्या चर्चचे डोळे त्याच्या ताटावर. नेटीचा हात परातीतल्या डावावर होता, पण तिनं तो उचलला नाही.

रॉइसनं क्रिस्प भरपूर वाढून घेतलं. मग नेटीकडे वळून म्हणाला, "एक घास दे. घासभरच." नेटीनं खरंच घासभर वाढलं. तो तिथंच उभ्या उभ्या खायला लागला. आधी कॉबलर, मग क्रिस्प.

"काय मग?" नेटीनं विचारलं. "बोल की."

"तुझं खाल्लं की मला आपलं घर आठवतं," तो म्हणाला. "हे खाल्लं की बाग आठवते. आज सकाळचीच."

नेटीनं हात पुढे करून इडेलाच्या भांड्यातून थोडं क्रिस्प स्वतःच्या ताटलीत घेतलं आणि खुर्चीत बसून शेवटच्या चुऱ्यापर्यंत खाल्लं. संध्याकाळी इडेलाच्या भांड्यात बऱ्यापैकी क्रिस्प उरलं होतं, तरी ती खुशीतच घरी गेली. दुसऱ्या दिवशी दोघांनी ते दह्याबरोबर नाश्त्याला खाल्लं.

मंगळवारी नेटी टोपलीभर पीच घेऊन आली. तिनं हात धुतले, इडेलाचा एप्रन बांधला आणि फळं पुसायला लागली.

"साखर किती घालतेस?"

"मूठभरही नाही."

"त्यानं काय होतं? थोडी वाढव."

"नाही."

"बरं, मग पेकन तरी वाढव. कंजूषपणा नको."

"पेकन हवे तेवढे घाल."

त्या उन्हाळ्यात दर मंगळवारी हे चालायचं. कधी भांडण, कधी गप्पा, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच. शरदात रॉइसची रक्ततपासणी झाली. साखर उतरली होती आणि पायाची जखम भरली होती. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवा, चालणं तर अजिबात सोडू नका. कॉबलर नाताळला एकदा होईल आणि रॉइसला त्यातला घासभर मिळेल, असं दोन्ही बायकांनी मिळून ठरवलं. त्याला कोणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या होमकमिंगला क्रिस्पची दोन भांडी आली. नेटी टेबलामागे डाव घेऊन उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "हे आमच्या घरचं आहे. आम्ही साखर फारशी घालत नाही, आमच्यात पहिल्यापासून असंच." रांगेत उभ्या असलेल्या इडेलानं ते ऐकलं, ताटली पुढे केली आणि म्हणाली, "जरा जास्त वाढ."