सागाखालची दुर्वा

चहाचा कप आधी खाली ठेवा, ठसका लागेल. माझी ही फजिती ऐकून आमच्या लिंबायतमधला एक जण खुर्चीवरून पडला होता. बरं, खुर्चीचा पाय आधीच मोडका होता. पण हसला म्हणूनच पडला ना!

लेकीच्या लग्नानंतरचा पहिला गणपती. नवे व्याही कामरेजहून आरतीला यायचे होते. शेतकरी माणूस, कमी बोलणारे. मी मात्र फोनवर बोलून बसलो, "अण्णा, बाजारातली दुर्वा आमच्याकडे चालत नाही. मी स्वतः जंगलातून आणतो!"

कसलं जंगल नि काय! पण शब्द गेला होता. लेकीच्या सासरी माझी सगळी अब्रू आता त्या दुर्वेला लटकलेली.

आदल्या दिवशी एसटीने व्याराच्या पुढे गेलो. सागाची दाट झाडी, पायाखाली चिखल, ऊन नावाला नाही. एक बिबट्या आडवा गेला. मांजर असेल म्हणता? असू द्या, मोठं होतं! आणि तिथे ओहोळाच्या कडेला, गर्द सावलीत, हिरवागार गालिचा. काडीकाडीला तीन बाजूंनी तीन पानं. दुर्वा ओळखायला आणखी काय लागतं? भरली गोणी!

घरी येऊन ती अंगणात, ओट्यापुढच्या गवतावर आदळली. बायकोने एक काडी उपसली.

"एवढी उंच दुर्वा?"

"जंगलात सगळं उंचच असतं."

"तुमले काही समजस का?"

"तीस वर्षं लूमवर काढली मी! डोळे मिटून तार नुसती चिमटीत फिरवली तरी सूत कोणतं ते सांगतो. मला गवत शिकवतेस?"

दुसऱ्या दिवशी व्याही आले, बरोबर विहीणबाई आणि लेकही. मी दंडाएवढा जाड हार पुढे केला. त्यांनी त्यातली एक काडी ओढून माझ्या हातात दिली.

"व्याहीबुवा, डोळे मिटा. फिरवा चिमटीत."

फिरवली. काडी गोल फिरेचना! एक कड, दुसरी कड, तिसरी कड...

"तिधारी," मी पुटपुटलो.

"दुर्वेची काडी गोल, पेरापेराला गाठ. हिला गाठ आहे?"

"नाही."

"हा लव्हाळा. ह्याच्या भाऊबंदांना खुरपून माझी कंबर गेली. ते माझ्या शेतात उन्हात माजतात, हा रानात झाडाखाली, ओलीत राहतो. दुर्वेला ऊन लागतं, बुवा. ती सागाखाली कशाला मरायला जाईल?"

लेक पदर तोंडात कोंबून हसत होती. माझी लेकच, बरं का, तिची सासू नव्हे!

ताटात निरांजन पेटलेलं. आता दुर्वा आणायची कुठून? व्याही बाहेर गेले आणि दोन मिनिटांत मूठभर कोवळी, ताजी दुर्वा घेऊन आले.

"अण्णा, कुठे मिळाली?"

"तुमच्या गोणीखाली."