चिंचेची पांढरी सावली

तुमच्या बाबांच्या आधी मला एक मुलगी झाली होती, हे तुम्हांला कुणी सांगितलं नसेल. ती बारशापर्यंतही राहिली नाही. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी एका झाडाबद्दल लिहायला हवं.

पिंपरी तेव्हा नुसता माळ होती. औषधांचा कारखाना नवीनच उभा राहत होता, तुमचे आजोबा त्यात नोकरीला लागले होते आणि आम्हांला क्वार्टर मिळालं होतं. मागून चिखलीकडे बैलगाडीची वाट जायची. त्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडे, एक जुनी चिंच होती.

तान्ह्या मुलांना आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. श्रावणातल्या एका संध्याकाळी तुमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ तिला घेऊन गेले. बायकांनी जायचं नसतं. परत आल्यावर मी विचारलं, तेव्हा एवढंच कळलं, की ओढ्याच्या अंगाला, चिंचेचा आडोसा संपतो तिथे. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मला माहेरी पुण्याला पाठवलं.

परत आले तेव्हा पितृपंधरवडा चालू होता आणि चिंच नव्हती. क्वार्टरांची पुढची रांग तिथे येणार म्हणून ती तोडली होती. बुंधा उपटून खड्डा बुजवला होता. मुलीला पुरलं त्या जागेवर ठेवलेले धोंडे आणि बाभळीच्या काट्याही मजुरांनी हलवल्या होत्या. बुंधा कुठे होता ते दिसत होतं, पण आडोसा कुठवर होता हे कोण सांगणार? दिवाळीनंतर पाया खणणार होते. त्याआधी मला ती जागा एकदा पाहायची होती. दुसरं काही नको होतं.

आमच्याकडे दूध घालणारी गावातली बाई सांगत होती, की त्या वाटेनं आता कुणी जात नाही.

"ठेकेदारानं लाकूड न्येलं," ती म्हणाली, "अन् सावली ठिवली आमच्या उरावर. तिथंच पडून हाय. तुमी नका जाऊ ताई, वली बाळंतीण तुमी."

मी त्याच दुपारी गेले. माळभर गर्द हिरवा टाकळा माजला होता. त्यात मधेच एक मोठा फिकट डाग होता. तिथली पानं पिवळट, काही तर कागदासारखी पांढरी. डागाची कड फांद्या पसरतात तशी वेडीवाकडी. जिथे काळी सावली पडायची, तिथे आता पांढरी पडली होती. कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकले होते, तरी मी दोन पावलं मागे सरले.

जवळ जाऊन एक पान हातात घेतलं तेव्हा उलगडलं. सावलीत वाढलेलं पान मोठं आणि पातळ असतं. मिळेल तेवढा उजेड ते धरून ठेवतं. त्यावर एकाएकी पूर्ण ऊन आलं तर ते त्याला सोसत नाही. पान आपली कड उन्हाकडे वळवतं, आतले हिरवे कण पेशींच्या भिंतींशी सरकवतं. तेही पुरलं नाही तर हिरवेपणाच जळून जातो. बाहेरच्या टाकळ्याला जन्मापासून ऊन होतं, म्हणून त्याला काही झालं नव्हतं. चिंचेचा आडोसा कुठवर होता, ते ही पानं दाखवत होती. पण शेंड्यांना नवी पानं फुटायला लागली होती, लहान, जाड, हिरवी. जळलेलं पान सुधारत नाही, गळतं. नवं पान उन्हातच घडतं आणि टिकतं. म्हणजे थोड्याच दिवसांत डाग बुजणार होता.

तुमचे आजोबा कामावरून आले. मी म्हटलं, "अहो, मला तिथे घेऊन चला."

"काय बघणार आहेस? सगळं सपाट केलंय."

"नाही केलेलं. आडोसा अजून दिसतोय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता डॉक्टरांना बोलावतील. पण आले. त्यांनी डाग पाहिला. मग त्याच्या कडेकडेनं ओढ्याच्या बाजूला चालत गेले, थांबले आणि त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"आत खणता येईना, मुळं लागत होती," ते म्हणाले. "म्हणून कडेला आलो. तिच्यावर पाऊस पडू नये असं वाटत होतं."

एवढं सलग ते तिच्याबद्दल कधी बोलले नव्हते. मी खाली बसले आणि त्या पांढऱ्या पानांमधून मातीला हात लावला.

दसऱ्याला पुन्हा गेले तेव्हा डाग ओळखू येत नव्हता.

तिथे भिंत आली नाही, एका क्वार्टरचं मागचं अंगण आलं. त्या घरच्या बाई दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायच्या. बाकीच्या बायका आत सतरंजीवर बसायच्या. मी अंगणात उतरायचे.

"उन्हात काय उभ्या राहता?" त्या हसून विचारायच्या.

मी म्हणायचे, थंडी वाजतेय. आणि माझी सावली त्या जागेवर पडेल अशी सरकून उभी राहायचे.