डोहाळजेवणातल्या बर्फीचा खुलासा

माझी धाकटी बहीण कामथडीपासून वेल्ह्यापर्यंत सर्वांना सांगत असते की, माझ्या लेकीच्या डोहाळजेवणात ओटी भरण्याआधीच मी वाटी उघडून बर्फी खाल्ली. ही हकिकत सोयऱ्यांत इतकी रुळली आहे की, आता कुठे रांगू लागलेली माझी नातही तीच ऐकत मोठी होईल. म्हणून खुलासा करणे भाग आहे.

लेकीला शाळेत असल्यापासून मधुमेह आहे. इन्सुलिनची सुई तिला नवी नव्हती. नवा होता तो सतत बदलणारा डोस. तिसऱ्या महिन्यापर्यंत साखर वारंवार खाली येई, म्हणून डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला. पाचव्यापासून साखर चढू लागली आणि सातव्यात डोस जवळजवळ दुप्पट झाला. मी बाईंना सरळ विचारले, "दर आठवड्याला आकडा वाढतो. रोग बळावतोय, की तुमचा अंदाज चुकतोय?" बहीण याला भांडण म्हणते. ती चौकशी होती. बाईंनी हसून सांगितले की, बाळ वाढते तशी त्याला पोसणारी वार इन्सुलिनला अडवणारे स्राव अधिक सोडते; रोग बळावलेला नाही, अडथळा वाढला आहे. मी एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होतो. वरंध घाट चढताना डिझेल जास्त लागते म्हणून इंजिन बिघडले असे कोणी म्हणत नाही. ही उपमा बाईंची नव्हे, माझी. पुढे त्यांनी ती इतर रुग्णांना सांगितली असेल तर माझी हरकत नाही.

डोहाळजेवण भोरला आमच्या घरी होते. पंगत साडेबाराला, असे मी आठ दिवस आधी सर्वांना कळवले होते. सव्वाबाराला मी लेकीला म्हणालो, "आता टोचून घे." जेवणाआधी पंधरा मिनिटे, हा तिचाच नियम.

"आबा, पान वाढताना दिसलं की घेते ना."

"साडेबाराला पान तुझ्यापुढे असेल. मी सांगतोय."

तिने माझा शब्द मानला आणि सुई घेतली. ही चूक माझी होती, आणि ती मी कोणी न सांगता मान्य करतो. त्या दिवशी बहिणीने मारलेला टोमणा मात्र अमान्य आहे. ती म्हणाली, "दादा, तुमची यष्टी तरी कदी येळेवर सुटली व्हती?"

लेकीच्या सासरची मंडळी वेल्ह्याहून टेम्पोने येत होती. टेम्पो वाटेत रखडला. पहिली ओटी सासूने भरायची आणि तोवर गर्भारशीने पानाला हात लावायचा नाही, असे बहिणीने ठरवून टाकले. एकच्या सुमारास टेम्पो आला, आणि लगेच मोबाईलवर फोटो सुरू झाले. फुलांचे दागिने ल्यालेली लेक पाटावर बसली होती. तिच्या कपाळावर घाम दिसला, मग बोटे थरथरू लागली. तिने यंत्रावर साखर पाहिली. चोपन्न. सत्तरच्या खाली गेली की धोका.

"हिला ताबडतोब काहीतरी द्या," मी म्हणालो.

"आदी ओटी हुंद्या, दादा. पाच मिनिटानं काय व्हतंय?"

मुलगा की मुलगी हे ओळखण्याच्या खेळासाठी पेढा आणि बर्फी अशा दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या. मी हाताशी आलेली उघडली. बर्फी निघाली. ती मी लेकीपुढे धरली.

"बर्फी नको, आबा. खव्यातली साखर सावकाश चढते. साखरपाणी आणा." आवाज कापरा होता, हुकूम पक्का होता.

मी स्वयंपाकघरात धावलो. एका हातात पेला, दुसऱ्यात साखरेचा डबा. बर्फीसाठी तिसरा हात नव्हता. ती मी दातांत धरली. बर्फी माझ्या तोंडात होती हे मी नाकारत नाही. खाण्याच्या हेतूने उचलली हे नाकारतो. पुढे ती विरघळली, त्याला माझा इलाज नव्हता.

लेक साखरपाणी प्यायली. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर पाहायची होती. तोवर माझी बहीणसुद्धा ओटीचे विसरून लेकीला पदराने वारा घालत होती, यावरून प्रसंगाचे गांभीर्य ताडावे. मग यंत्राने ब्याण्णव दाखवले. लेकीने पोटावर हात ठेवला आणि हसली. "लाथा मारतंय. भूक लागली असेल."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावले की, यापुढे पान समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही. "मी हेच म्हणत होते," लेक म्हणाली. याबाबत मला खुलासा करायचा नाही.

"बर्फी निगाली म्हंजी पोरगीच व्हनार," बहिणीने जाहीर केले. "पर आमच्या दादानं तिचा खाऊ आत्ताच संपिवला!"

सगळ्यांबरोबर लेकही मनापासून हसली, म्हणून मी त्या वेळी प्रतिवाद केला नाही.

मग ओटीचे राहू देऊन आधी पान वाढले. घेतलेला डोस दोन पुरणपोळ्यांच्या हिशेबाचा होता. त्या दोन संपताच विहीणबाईंनी मायेने तिसरी उचलली. मी तोंड उघडणार, तोच माझ्या बहिणीने त्यांचा हात धरला.

"थांबा वो विहीणबाई. आदी तिला इचारा."

लेकीने नकारार्थी मान हलवली आणि पोळी परातीत परत गेली. बहिणीने योग्य वेळी योग्य शब्द उच्चारल्याचा एवढाच प्रसंग मला ज्ञात आहे, आणि नेमका तोच ती कोणाला सांगत नाही.